यंत्र दिल्लीला, गाइड इंदूरला, आणि मी?

या वेळचं पत्र इंदूरच्या रामबागेतून आलंय. नाव छापू नका असं लिहिलंय, म्हणून छापत नाही. पत्र मोठं होतं, मुद्द्याचं तेवढं देतो:

"सर, मी एम.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या सेमिस्टरला आहे. नेटमध्ये जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, मिळालीय. एक सर पीएच.डी.ला घ्यायला तयार आहेत. विषय न्यूक्लियर स्ट्रक्चर, म्हणजे अणुगर्भाची रचना, तोही प्रयोगाचा. पण प्रयोग इथं होतच नाहीत, त्यासाठी दिल्ली, मुंबई, कोलकात्याला जावं लागतं. शिवाय सर म्हणतात, एका जुन्या प्रयोगाचा डेटा पडून आहे, आधी त्यावर काम सुरू कर. दुसऱ्यानं घेतलेल्या डेटावर माझा थीसिस कसा? मैत्रिणी म्हणतात, घराशेजारी सीएसआर आणि कॅट या संशोधन संस्था आहेत, मटेरियल्समध्ये, म्हणजे पदार्थांच्या अभ्यासात जा, पेपर पटापट निघतात. आत्या म्हणते, रेडिएशनच्या कामात मुलीनं कशाला पडायचं, पुढं लग्न आहे, मुलंबाळं आहेत. बाबा काही बोलत नाहीत, फक्त विचारतात, 'किती वर्षं?' मला विषय आवडतो, पण नक्की काय आवडतं ते सांगता येत नाही. काय करू?"

बाबांचा प्रश्न सगळ्यांत सरळ आहे, तो आधी उरकू. यूजीसीच्या २०२२च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा. पुन्हा नोंदणी केली तर वर दोन, आणि मुलींना त्याहीवर दोन. बाळंतपण आणि मुलांच्या संगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा, ती वेगळी. पण हे झालं कागदावरचं. या विषयात तीन वर्षांत आटोपलेला कुणी मला भेटलेला नाही. बाबांना पाच सांग, मनात साडेपाच धर. जेआरएफचे महिन्याला ३७,००० आणि दोन वर्षांनी एसआरएफचे, म्हणजे सीनियर फेलोशिपचे, ४२,०००, हे जानेवारी २०२३ पासूनचे दर. फेलोशिप मिळून पाच वर्षांची असते, म्हणजे साडेपाचातले शेवटचे सहा महिने पदरच्या पैशांवर काढावे लागतात. ती तजवीज पहिल्या पगारापासून कर. बाकी बाबांच्या खिशाला हात लागत नाही.

आता मैत्रिणींचं. त्या चुकीचं सांगत नाहीत, पण त्या सांगतात ते वेगळ्या विषयाबद्दल. कॅटमध्ये (२००५ मध्ये राजा रामण्णांचं नाव लागलं तरी आपण इंदूरकर कॅटच म्हणतो) इंडस-२ आहे. १७२ मीटर परिघाच्या कड्यात २.५ जीईव्ही ऊर्जेचे इलेक्ट्रॉन फिरतात आणि वळताना प्रकाश टाकतात. त्या प्रकाशात लोक पदार्थातले अणू कसे बसलेत ते पाहतात. सुंदर यंत्र आहे, पण त्यात अणुगर्भावर अणुगर्भ आपटत नाही, आणि तुला तर तेच हवंय. गंमत अशी, की ज्या रामण्णांचं नाव त्या फाटकावर आहे ते स्वतः अणुगर्भाचेच माणूस. खंडवा रोडच्या सीएसआरमध्येही काम होतं ते घन पदार्थांचं: कमी तापमान, चुंबकत्व, फोटोइमिशन. त्याच संस्थेचं कोलकात्याचं केंद्र मात्र तुझ्या विषयाचं आहे, ते नाव वहीत लिहून ठेव.

तेव्हा तुझी यंत्रं तीन, आणि तिन्हींना इंदुरातून गाडी आहे. माळव्यानं दिल्ली: तिथं इंटर युनिव्हर्सिटी अॅक्सिलरेटर सेंटर, १५ यूडी जातीचं पेलेट्रॉन, म्हणजे आयनांना वेग देणारं यंत्र. ते केंद्रच मुळी विद्यापीठांसाठी उभारलेलं. अवंतिकेनं मुंबई: कुलाब्याला टीआयएफआरच्या (टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या) आवारात बीएआरसी आणि टीआयएफआरचं मिळून १४ यूडीचं पेलेट्रॉन. क्षिप्रेनं कोलकाता: व्हीईसीसी या केंद्राचा के-१३० सायक्लोट्रॉन, तोही वेग देणाराच, १९७७ पासूनचा. कुठल्याच विद्यापीठाला असलं यंत्र एकट्यानं पोसणं परवडणारं नाही. त्यामुळं 'यंत्र गावात नाही' ही तुझ्या गाइडची कमतरता समजू नकोस. देशभरातल्या विद्यापीठांची तीच गत आहे.

या विषयात काम कसं चालतं ते समजायचं असेल तर आपल्या आजोबा-पणजोबांच्या शेतीतला एक शब्द आठव: सावड. एकाचा बैल, दुसऱ्याचा नांगर, आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. इंडियन नॅशनल गॅमा अॅरे, म्हणजे इंगा, ही तशीच सावड आहे. वेगवेगळ्या संस्थांनी आपापले क्लोव्हर नावाचे, गॅमा किरण टिपणारे डिटेक्टर एकत्र आणले, सगळे जमले की चोवीस होतात, आणि हा सगळा संसार आळीपाळीनं त्या तीन ठिकाणी मांडला जातो. विद्यापीठं प्रस्ताव लिहितात, समिती तो तपासते, आणि मंजूर झाला की बीम टाइम, म्हणजे यंत्रावरचा वेळ, मिळतो: अमुक इतक्या शिफ्ट, एक शिफ्ट आठ तासांची. आणि सावडीचा दुसरा भाग असा की दुसऱ्याच्या प्रयोगाला तू राबायला जायचं, तुझ्या वेळी तो येतो. पेपरवर वीस-पंचवीस नावं दिसतात ती म्हणूनच. पहिलं नाव कुणाचं, ते पुढं सांगतो.

'नक्की काय आवडतं ते सांगता येत नाही' म्हणालीस, त्यावर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण निर्णय तिथंच आहे.

समजा ऑक्सिजनचे आयन ऐंशी एमईव्ही ऊर्जेनं एका पातळ पत्र्यावर सोडले. पत्रा म्हणजे चौरस सेंटिमीटरला मिलिग्रॅमभर वजनाचा, फुंकर मारली तर उडेल असा. दोन अणुगर्भ एक होतात, तापतात, दोन-चार न्यूट्रॉन टाकून देतात, आणि उरलेला गर्भ भोवऱ्यासारखा गरगरत राहतो. हा गर्भ पायरी पायरीनं खाली येतो. प्रत्येक पायरीला एक गॅमा किरण. आपल्या हाती लागतात ते फक्त किरण, तेही अनेक गर्भांचे एकमेकांत मिसळलेले. जिना मागाहून आपणच जुळवायचा.

कसा? रात्री अकराला सराफ्यात जा. शेकडो माणसं खातायत, कोण कुठून आलं आणि कुठं चाललंय काही कळत नाही. आता भुट्ट्याच्या किसाच्या ठेल्याशी उभी राहा, आणि इथं खाल्लेली माणसं आणखी कुठं कुठं दिसली एवढंच टिपत जा. गराडूपाशी पुष्कळ, जिलबीपाशी पुष्कळ, शिकंजीपाशी कुणीच नाही. मग ठेला बदल, पुन्हा टिप. चार-पाच रात्रींत गर्दीचे रस्ते दिसायला लागतात. आमच्या भाषेत ठेल्याशी उभं राहणं म्हणजे गेट लावणं. एका ऊर्जेवर गेट लावायचा आणि त्याच शंभर-दोनशे नॅनोसेकंदांत दुसरे कोणते किरण आले ते पाहायचं. असे शेकडो गेट लावले की लेव्हल स्कीम, म्हणजे मघाचा तो जिना, उभी राहते.

क्लोव्हर म्हणजे काय तेही एकदा नीट पाहून घे. एकाच डब्यात जर्मेनियमचे चार स्फटिक चार पाकळ्यांसारखे चिकटून बसवलेले. किरण एका पाकळीत अर्धी ऊर्जा टाकून शेजारणीत घुसला तर दोघींची बेरीज करून तो परत मिळवता येतो, याला अॅडबॅक म्हणतात. पूर्णच निसटला तर भोवतीचं बीजीओ नावाच्या स्फटिकाचं कवच चहाडी करतं आणि ती नोंद बाद होते. शिवाय किरण वर-खाली उसळला की आडवा, यावरून तो विद्युत जातीचा की चुंबकीय, हेही चार पाकळ्या सांगतात. एकट्या पाकळीला ही बेरीज आणि ही पारख जमणार नाही. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा दोन दिवस मी भेटेल त्याला सांगत सुटलो होतो, आमच्या मेसवाल्यालासुद्धा.

तू याच आठवड्यात एक कर. तुमच्या लॅबमध्ये सोडियम आयोडाइडचा डिटेक्टर आणि कोबाल्ट-६०चा किरणोत्सारी सोर्स असेल. सोर्स बहुधा म्हातारा असेल: अर्धायुष्य ५.२७ वर्षं, म्हणजे सव्वीस वर्षांपूर्वी आणलेल्याचा आज सुमारे बत्तिसावा हिस्सा उरला. तरी चालेल. आलेखावर ११७३ आणि १३३२ केईव्ही ऊर्जेचे दोन उंचवटे येतील, साठ-सत्तर केईव्ही रुंद, गुबगुबीत. जर्मेनियमवर तेच दोन्ही दोन केईव्ही रुंदीच्या सुया होतात. आता विचार कर: हे दोन किरण एकामागून एक निघतात हे कशावरून? आणि आधी कोणता? दोन डिटेक्टर मिळाले तर १३३२ वर गेट लावून ११७३ उगवताना पाहा. ते झालं की आणखी एक कोडं: कोइन्सिडन्सनं, म्हणजे दोन्ही एकाच वेळी टिपून, 'सोबत' कळलं, पण 'आधी-नंतर' कळलं नाही. मग कोबाल्ट-६० विघटित होऊन जो बनतो त्या निकेल-६०च्या तक्त्यात १३३२ खाली आणि २५०६ची पातळी वर, हे कुणी आणि कसं ठरवलं असेल? हा प्रश्न तुला जेवताना छळायला लागला, तर तुला काय आवडतं ते मला विचारायची गरज नाही. आणि 'असेल काहीतरी' म्हणून तू वही मिटलीस, तरी वाईट वाटून घेऊ नकोस. मटेरियल्सचा रस्ता खुला आहे आणि चांगला आहे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो, आणि मी या विषयाचा पक्षपाती आहे हे लक्षात घेऊन ऐक. प्रयोगाचा विषय म्हणतात, पण वर्षाकाठी यंत्रापाशी तुझे जातील काही आठवडे. बाकीचे महिने कॉम्प्युटर: रूट आणि रॅडवेअर ही सॉफ्टवेअर, कॅलिब्रेशन (ऊर्जेची मोजपट्टी जुळवणं), गेट, पुन्हा गेट. यंत्रावरचा सहा दिवसांचा प्रयोग, म्हणजे रन, दोन वर्षं पुरतो. रोज सकाळी उठून स्वतःच्या हातानं नमुना भट्टीत घालायचा, संध्याकाळी मोजायचा, असा ज्याचा पिंड आहे त्याला हा विषय उपाशी ठेवतो. तुझ्या मैत्रिणींचा रस्ता त्या माणसाला बरा.

आता जुन्या डेटाबद्दल. दुसऱ्याच्या डेटावर काम करणं हे या विषयात कमीपणाचं नाही. एकेका रनमध्ये प्रस्तावात लिहिलेल्या गर्भाखेरीज आणखी चार-पाच गर्भ तयार होतात, त्यांच्याकडं बघायला कुणाला वेळ नसतो, आणि त्यात चांगली भौतिकी वर्षानुवर्षं पडून राहते. सरांचा बेत त्यामुळं वावगा नाही. पण 'घेते' म्हणण्याआधी एक वस्तू माग: लॉगबुक, म्हणजे प्रयोग चालू असतानाची नोंदवही.

का, ते माझ्याच फजितीवरून सांगतो. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. रात्री तीनच्या सुमारास एका डिटेक्टरच्या आलेखातलं शिखर डावीकडं सरकलेलं दिसलं. मला वाटलं, हे तर मला येतं. अॅम्प्लिफायरचा फाइन गेन पाव फेरा फिरवला, शिखर जागेवर आणलं, स्वतःवर खूश होऊन चहा प्यायलो. लिहिलं काहीच नाही. सकाळी आठला शिफ्ट बदलली. खोलीचं तापमान बदललं तसं ते शिखर आता उजवीकडं गेलं, पुढच्या गड्यानं ते मागं आणलं. त्यानंही लिहिलं नाही. चार महिन्यांनी कॅलिब्रेशनला बसलो तर त्या डिटेक्टरच्या प्रत्येक रेषेला दोन-दोन सावल्या. अर्ध्या-अर्ध्या तासाच्या फाइली असत्या तर निवडून वेगळं करता आलं असतं, पण आमची एकेक फाइल चार तासांची. त्या डिटेक्टरचा निम्मा डेटा टाकला. गाइड रागावले नाहीत, फक्त लॉगबुकातलं ते कोरं पान उघडून माझ्यासमोर ठेवलं आणि जेवायला गेले.

तेव्हा जुना डेटा घेताना लॉगबुक पाहा. अक्षर कसंही असो, दर तासाला काही लिहिलंय का, रात्री तीनलाही लिहिलंय का, ते बघ. रनच्या आधी आणि नंतर युरोपियम-१५२चा कॅलिब्रेशन घेतलाय का? टार्गेट, म्हणजे मघाचा तो पातळ पत्रा, किती जाडीचं, मागं कशाचा आधार होता? डेटा घेणारा सीनियर आज कुठं आहे, त्याला फोन करता येईल का? यातलं निम्मं जरी असेल तरी पहिलं वर्ष त्या डेटावर खुशाल घाल, गेट लावायला शिकशील. लॉगबुकच नसेल तर नम्रपणे नाही म्हण.

आणि सरांना दुसरं विचारायचं ते हे: माझा स्वतःचा रन कधी? पीएच.डी. म्हणजे एकदा तरी प्रस्ताव तू लिहिलेला, टार्गेट तू लाटलेलं, ट्रिगर (काय नोंदवायचं त्याची अट) तू ठरवलेला, आणि चुका तुझ्या. त्याशिवाय तू गेट लावणारी होशील, प्रयोग करणारी होणार नाहीस. दुसऱ्या वर्षात प्रस्ताव जावा, कारण मंजुरी, यंत्राची देखभाल आणि रांग यात वर्ष सहज जातं. मगाशी राहिलेलं: विश्लेषण ज्यानं केलं त्याचं नाव पेपरवर पहिलं, हा रिवाज आहे. जुन्या डेटाच्या बाबतीत तो आधीच बोलून घे. सरांना हे विचारायला संकोच वाटत असेल तर त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना विचार. किती जणांचं पूर्ण झालं, आता काय करतात, आणि एक बारीक प्रश्न: 'सर शिफ्टला येतात का?' या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तराला मी सर्वांत जास्त वजन देतो.

आत्यांना माझा नमस्कार सांग, आणि हे वाचून दाखव. बीम चालू असतो तेव्हा त्या हॉलमध्ये कुणीच नसतं. दार उघडलं तर बीम बंद पडावा अशी कडी-कुलपाची व्यवस्था असते, आणि माणसं भिंतींपलीकडं काउंटिंग रूममध्ये बसलेली असतात. हॉलमध्ये जाताना छातीशी अंगावर पडलेलं रेडिएशन मोजणारा टीएलडी बॅज असतो, त्याची नोंद राहते. आपल्या देशात अशा कामगाराला पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्टची (हे रेडिएशनचं माप) मर्यादा आहे, कुठल्याही एका वर्षात ३०. निसर्गातूनच माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतो, तो आत्यांनाही मिळतोच आहे. दिवस गेले की बाईनं कळवायचं, मग पोटातल्या जीवासाठी उरलेल्या काळात १ मिलिसिव्हर्टची वेगळी मर्यादा लागते आणि कामही त्याप्रमाणे बदलून मिळतं. त्या काळात डेटा घरी बसून बघता येतो, हा या विषयाचा फायदाच.

मला स्वतःला तिथं भीती वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची, द्रव नायट्रोजनची. जर्मेनियम थंड ठेवायला तो लागतो, उणे १९६ अंशांचा. एक लिटर सांडला की सातशेच्या आसपास लिटर वायू होतो आणि बंद खोलीतला प्राणवायू हुसकून लावतो. डोळ्यांना दिसत नाही, वासही येत नाही. नायट्रोजनचा भरलेला ड्युअर, म्हणजे त्याचं भांडं, लिफ्टमधून न्यायचा झाला तर ड्युअर एकटा पाठवायचा आणि आपण जिन्यानं जायचं. हे तुला कुणी सांगितलं नाही तर तूच त्यांना सांग.

पुढची नोकरी? प्राध्यापकी, पोस्टडॉक, अणुऊर्जा खात्यातल्या संस्था, डिटेक्टर आणि डेटाची कामं. रुग्णालयातल्या रेडिएशनच्या कामात जायचं असेल तर त्याचा पदविका अभ्यासक्रम वेगळा करावा लागतो, पीएच.डी. त्याला पुरत नाही. बीएआरसीच्या ट्रेनिंग स्कूलला वयाची अट आहे, म्हणून मनात असेल तर या वर्षीच अर्ज टाक, पाच वर्षांनी नाही. याहून जास्त भविष्य मला सांगता येत नाही.

आणि सही करण्याआधी एक रन बघून ये. सरांना म्हण, तुमचा किंवा तुमच्या ओळखीतल्या कुणाचा पुढचा रन असेल तिथं मला चार दिवस राबायला पाठवा. सावडीला जादा हात कुणाला नको असतात? ओळख निघाली नाही तर दिल्लीच्या केंद्राचे एम.एस्सी.च्या मुलांसाठी कार्यक्रम असतात, टीआयएफआरचा व्हीएसआरपी हा विद्यार्थ्यांसाठीचा उन्हाळी कार्यक्रम आहे, शेवटच्या सेमिस्टरला चालतं का ते पाहून तिथं अर्ज कर. गेल्यावर कोणती शिफ्ट हवी असं विचारलं तर रात्री बारा ते सकाळी आठची माग. दिवसा सगळे मोठे तिथं हजर असतात, तुला कुणी बटणाला हात लावू देत नाही. रात्री तीनला मात्र एक पेंगणारा सीनियर आणि तू, एवढेच उरता, आणि तोच म्हणतो, 'ये, आता तू बघ.' पेन स्वतःचं ने, लॉगबुकाला बांधलेलं पेन कधीच चालत नाही. आणि स्वेटर ने, मे महिना असला तरी. त्या खोलीचा एसी यंत्रांसाठी लावलेला असतो.